पंचमी नसलेलं नाव

दगड कोरणाऱ्या विद्मांतसने विचारलं,
कुठलं घालू? कागदावर रोझा आहे,
तू सांगतेस रसा.
आमच्या लिपीत दोन्हीला चारच अक्षरं,
पैसे तेवढेच.

रसा म्हणजे दव.
एवढंच. मागे देवी नाही, राणी नाही.
योनिनेसची रात्र सरताना, उजाडायच्या आत
राईच्या शेतात अनवाणी शिरून
बायका ज्याने तोंड धुतात, ते.

आई जन्मली येनिसेईकाठी, लाकूडतोडीच्या वसाहतीत,
हद्दपारीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात.
आजी पेत्रोनेले सांगायची,
तिथलं दवही ओळखीचं नव्हतं,
डास पोहायचे त्यात.
तरी तिने गवतावरून फडकं फिरवलं, पिळलं,
पोरीच्या कपाळाला लावलं.

कचेरीतल्या बाईला नाव नीट ऐकू आलं.
पंचाईत तीच झाली.
तिच्या भाषेतही दवाला तोंडाने तसंच म्हणतात.
'दव? हे काय माणसाचं नाव?
ऊन आलं की संपलं.'
आणि तिने लिहिलं रोझा.
वाईट मनाने नसावं,
जरा टिकाऊ काही द्यावं म्हणून.

आमच्याकडे नावही चालवावं लागतं.
रसा गाय बांधते.
रसोस: तिचे गमबूट, दारात, चिखलासकट.
रासाय: तिच्यासाठी
बशीखाली झाकलेला अर्धा बटाटा.
रसोये, म्हणजे तिच्यात. हे रूप
फक्त शाळेच्या फळ्यावर;
माणसाच्या आत कोण राहतं?
(मी राहिले होते. नऊ महिने.
गणिताच्या वहीत हे कुठे सुचतं.)
हाक मारताना आघात पहिल्या अक्षरावर सरकतो, रासा!
कुंपणापलीकडून, बाबांची.
आणि लाडाचं रसीते,
जे पेत्रोनेले गेल्यावर
कुणीच उच्चारलं नाही.

लग्नात आडनावाचं शेपूट बदललं.

पंचमी आम्हाला नाही.
'तिच्यापासून' म्हणायला वेगळं रूपच नाही,
षष्ठीवरच भागवतो.
जे तिचं, तेच तिच्यापासून,
आधी एक बारका शब्द ठेवला की झालं.
या आठवड्यात तो शब्द
माझ्या तोंडात नीट बसत नाहीये.

विद्मांतस थांबलाय, पेन्सिल कानावर.
रसा, मी म्हणाले.
'नोंदणीवाले विचारतील.'
विचारू देत.

बसथांब्यापर्यंत गेले आणि आठवलं,
साखरेच्या रांगेत पहाटे चारला
रोझा उभी राहायची.
दुग्धकेंद्रात बोटं सोलवटली ती रोझाची,
पेन्शनचं पाकीट रोझाचं,
अंगठी विकून मला बूट घेतले,
त्या पावतीवर सही रोझाची.
दवाला कुठे सही करता येते.

परत फिरले.
म्हटलं, मागच्या बाजूला, खाली, लहान,
जिथे शेवाळ धरतं तिथे
तेही घाल.

त्याने पेन्सिल काढली,
चार अक्षरं वाढवली हिशोबात.