पावणेदोन फेरे

मॉल्डनच्या खाडीला ओहोटी लागली
की बोटी चिखलात कुशीवर होतात.
थरगुडच्या शेडमध्ये मात्र
निळ्या पिंपात शेपूट बुडवून ताठ उभं असतं
त्याचं सत्याऐंशी सालचं इंजिन.
दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, चाळीस घोडे,
आणि घोडं अडलंय कुठे
ते तीन आठवडे कळत नाही.

त्याचे हात आता थरथरतात,
म्हणून हात माझे.
कान दोघांचे मिळून :
वरचा सूर त्याला ऐकू येत नाही,
खालचा मला समजत नाही.

दुधाच्या उपड्या क्रेटवर बसून तो सांगतो
आणि मी खालच्या कार्बोरेटरची वाटी उघडते.
हिवाळाभर साचून राहिलेलं पेट्रोल,
काकवीसारखं, हिरवट,
वास थेट जुन्या वॉर्निशचा.
फ्लोट तळाला चिकटलेला,
तरंगायचं विसरून गेलेला.

जेट काढला. पितळेचा,
तूरडाळीएवढा, मधोमध भोक
आहे म्हणायचं म्हणून.
खिडकीकडे धरला. पलीकडे अंधार.

हे तर माझ्या ओळखीचं.
सांगोल्याला आम्ही सहा माणसं, एक स्टोव्ह,
आणि खिळ्याला टांगलेली पत्र्याची पिन.
आवाज बसला की मी टोचायचे,
दोनदा, तीनदा, हौसेनंसुद्धा,
आणि पिवळी जीभ आत घेऊन
ज्योत निळी व्हायची.

मी ब्रशची एक तार उपटली
तसा थरगुड ओरडला,
कौलावरचे सीगल उडाले.
पितळ मऊ असतं, म्हणाला.
तारेनं भोक वाढतं,
आणि वाढलेलं भोक
लहान करायचं हत्यार माझ्याकडे नाही.
फवारा मार. भिजू दे. फुंक.
चहा घे. पुन्हा फुंक.

चहा घेताना मला कळलं
आमचा स्टोव्ह दरवर्षी जास्त रॉकेल का पीत गेला,
आणि आई ज्याच्याशी भांडायची
तो रॉकेलवाला, पटवेकर,
खरंच माप पुरतं घालत होता.

चौथ्या फुंकीला जेटमधून
सुईच्या टोकाएवढी खाडी दिसली.

मग स्क्रू. आत, आत,
टेकला की थांबायचं, आवळायचं नाही.
आता बाहेर मोज, थरगुड म्हणाला,
आणि मी मोजू लागले
माझ्या भाषेत, कारण तिथं हे आधीच मोजून ठेवलंय :
पाव, अर्धा, पाऊण, एक,
सव्वा, दीड.
पावकी-निमकीसाठी छड्या खाल्ल्या तेव्हा
गुरुजींनी सांगितलं नव्हतं
की त्या इथे, एसेक्समध्ये लागतील.

दोरी ओढली. धूर.
पुन्हा धूर, खोकला, आणि मग
ते लागलं, थरथरत, पिंपातलं पाणी उकळवत.
मी स्क्रू थोडा आत घेतला
तर आवाज एकदम सुरेख झाला,
हलका, वर चढणारा. मी हसले.

थरगुड नाही हसला.
असं गोड वाजतं ना, तेव्हाच ते उपाशी असतं.
उपाशी इंजिन आधी गातं,
मग तापतं, मग मधल्या खाडीत
पिस्टन धरून बसतं.
थोडं जड वाजू दे. थोडा धूर खाऊ दे आपल्याला.

वरचा दीड.
खालचा पावणेदोन.

झाकणाच्या आत पेन्सिलीनं सालं लिहिलेली,
पुढे आकडे, त्याच्या तिरक्या अक्षरात.
नव्वद ते त्र्याण्णव मात्र गोल, सावकाश अक्षर,
सातच्या पोटात आडवी रेघ.
कुणाचं ते त्यानं सांगितलं नाही,
मी झाकण पुसताना तेवढ्यावरून फडकं नेलं नाही.

लिही, म्हणाला.
मी लिहिलं. त्यानं चष्मा वर केला :
एवढ्या सगळ्याला एकच शब्द?
एकच, म्हटलं. त्यानं तो म्हणून पाहिला,
'ण' त्याला जमेना,
पण फेरा बरोबर होता.

चार मिनिटांनी इंजिन एकदा अडखळलं.
आम्ही दोघांनीही ऐकलं.
भरती पाच दहाला आहे.