डावा डोळा

वर्षातून एकदा येतात ओटमार त्सेंकर,
येनाहून दोन गाड्या बदलून, लाउशाची चढण चढून,
जुना डोळा रुमालाच्या गाठीत.
पाण्यानं काच खरखरीत होते. डोळ्यातल्याच पाण्यानं.
"मी रडत नाही हो, रोझवीटा."
काचेला ते ठाऊक नसतं, मी म्हणते.

मी पांढरी नळी ज्योतीत धरते, फुंकते,
आणि त्यांचं सुरू होतं,
चाळीस वर्षं फळ्यावर लिहून पुसलेलं:

कुणी म्हणालं, दिसतं तेवढंच आहे.
दृष्टीआड सृष्टी म्हणजे सृष्टीच नव्हे.
"मग दर वर्षी तुमच्या डाव्या खांद्याला लागतं
ते कपाट कुणाचं?"
ते हसतात, खांदा चोळतात.
"हा प्रतिपक्ष. याची शिकवणी तुमच्या दारातच होते."

कुणी म्हणालं, वस्तू आहे,
पण ती उंबऱ्यापर्यंतच येते, आत येत नाही.
मी हिरवट राखाडी काडी वितळवते.
बुबुळाचा रंग उजव्या डोळ्यावरून उचलायचा.
खिडकीशी एक, दिव्याखाली दुसरा,
कॉफी पोटात गेल्यावर तिसराच.
खरा कोणता, ते मला तासाभरात ठरवावं लागतं.
बाहेर बाकावर पुढचं गिऱ्हाईक असतं.

मग लाल काचेचा तंतू, केसाहून बारीक. शिरा.
"पूर्वेकडे काही म्हणतात," त्यांचा आवाज उतरतो,
"पाहणाऱ्याला शोधत आत जा.
पाहणं सापडेल. पाहणारा नाही."
हलू नका, मी म्हणते.
चिमट्यातला डोळा आतून पोकळ,
माझा एक श्वास, तोही आता निवत चाललेला.

यंदा कपाट उजव्या खांद्याला लागलं होतं.
तेव्हा दोघंही काही बोललो नाही.

डोळा बसला. मी आरसा पुढे केला.
त्यांचा हात आरशाच्या शेजारून गेला,
टेबलाची कड सापडली, तिथेच थांबला.
"तुम्हीच सांगा, जुळलाय का?"
मी एकात पाहिलं, मग दुसऱ्यात.
दोन्हींत माझाच दिवा होता, सारखाच लहान.
जुळलाय, म्हटलं.

जुना डोळा मी खणात ठेवला,
आधीच्या अकरांजवळ.
पैसे त्यांनी बोटांनी मोजून दिले,
नाणी कडेवरून ओळखत.

छपराच्या पाटीवरून बर्फ घसरला,
धप्पकन, मागच्या अंगणात कुठेतरी.
मी मान वळवली. खिडकी पांढरी, काही दिसलं नाही.

"आहे," ते म्हणाले,
आणि टोपी चाचपू लागले.