तुकडा

बॉयलर थंड. आठवा दिवस.
शेडमध्ये बियांची पंचवीस पोती, आणि मी.

कुडाळहून तो आला पांढऱ्या गाडीतून,
खुर्ची न पुसता बसला,
पाच वेळा ताई म्हणाला.
पोत्यांकडे बघितलंही नाही.
"व्याजाचं काय ते मागाहून बघू,
आपण काय परके?"
कोरे चेक तेवढे तीन हवे होते.

वेंगुर्ल्याच्या पतपेढीतल्या गिरपबाईंनी
पाणीसुद्धा विचारलं नाही.
दोन वर्षांची वीजबिलं मागितली,
व्याजाचा आकडा आधी कागदावर लिहिला,
वाचायला लावला मोठ्याने,
आणि म्हणाल्या, एवढं नाही मिळायचं.
रिक्षात रडले थोडी. बरीच.

मग इनासमामा.
त्यांची फॅक्टरी शिरोड्यात बुडाली, सगळ्यांना ठाऊक.
बुडालेल्याला काय विचारतेस, म्हणाले घरचे.
खडक कुठे लागला ते
त्यालाच विचारायचं ना?

सायकल माडाला टेकवून आत आले.
शेवटच्या लॉटचा गर सुपात घेतला,
अख्खा एकीकडे, पाकळी एकीकडे,
तुकडा.
तुकड्याचाच ढीग.
चष्मा कपाळावर ठेवून मोजत राहिले,
मी चुलीवरचा चहा विसरले.

"तुका कर्ज नंतर गो.
आदी कटराचा पाता बदल."

पातं बदललं.
सोमवारी गिरपबाईंकडे जायचंय,
पहिल्यापेक्षा निम्मं मागायला.

काल पांढरी गाडी फाटकाशी
हॉर्न वाजवत उभी होती.
मी हातांना एरंडेल चोळत होते,
टरफलाचं तेल चावतं ना,
हात काही वर केला नाही.