वाव

पुण्याच्या दुकानातून निरोप आलाय:
प्रत्येक लॅम्पशेडला एक चिठ्ठी बांधा,
तीत तुमची गोष्ट लिहा, दोन ओळींत.
कागद लहान आहे, जास्त वाव नाही.

वाव.
बरा शब्द काढलात.
तुमचा तो वाव, आमची ती वाव:
दोन्ही हात पसरले
की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर.
सुंभ वावेनं मोजायचं.

आवय मांडीवर काथ्या वळायची.
उजव्या मांडीची कातडी गुळगुळीत झालेली,
सोललेल्या सुपारीसारखी.
शंभर वावा भरल्या की भेंडोळं डोक्यावर घेऊन
शेटच्या पडवीत.
शेट मोजायला स्वतः उठत नसे.
भाच्याला हाक मारी, बाबल, ये रे.
बाबल सहा फूट, आवय जेमतेम पाच.
तो हात पसरी
आणि तिच्या शंभराच्या त्र्याऐंशी होत.
दर खेपेला सतरा वावा
त्याच्या छातीच्या रुंदीत जात.
घरी येऊन ती दाराच्या चौकटीत उभी राही,
दोन्ही हात ताणून,
"माजे हात आखूड आसत काय गो?"

दोन ओळी केव्हाच संपल्या.

सोडणांचं सांगायचं राहिलं.
मोचेमाडच्या खाडीत, चिखलात,
वर दगड ठेवून दहा महिने.
भरती येते, ओहोटी लागते,
सोडण कुजतं, धागा राहतो.
मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत,
एका गिऱ्हाइकाला शेडचा किंचित वास आला.
तो खाडीचा.
आम्ही किंचितच पाठवला होता,
बाकीचा ठेवून घेतलाय इथेच,
माझ्या नखांत, रोझीनच्या पदराला,
आणि जेवायला बसताना जावयानं
जरा लांब ओढून घेतलेल्या पाटात.

रोझीन केळीचं बघते.
केळ एकदाच विते,
घड उतरला की खुंट आडवा.
ती एकेक सोपट सुटं करते,
बोथट पात्यानं खरवडते,
आणि आतून जे निघतं
ते न्हाऊन आलेल्या म्हातारीच्या केसांसारखं,
पांढरं, पिवळं, मध्येच चकाकणारं.
चीक साडीला लागला
तर साडी विरते, डाग नाही.
त्यामुळे कामाला आम्ही दोघी
मेलेल्या साड्या नेसतो.

ऑर्डर तीस शेडची.
पंचेचाळीस सेंटीमीटर, सगळ्या एकसारख्या.
शिंप्याकडून टेप आणली.
टेप मला आवडते, खरं सांगते,
तिला मामा नाही, भाचा नाही,
कुणाच्याही हातात ती तेवढीच.
पण धागा टेपचं ऐकतो कुठे?
ढग आले तर काळपट वाळतो,
उन्हात जास्त राहिला तर तुटतो, रागावल्यासारखा.
सात शेड परत आल्या.
सहा उसवल्या.
एक मांगरात टांगली, चुलीच्या वर,
चाळीसच्या बल्बवर.
भिंतभर जाळं पडलं.
नातू हात वर करून
सावलीतले मासे मोजत राहिला,
भात गार होईपर्यंत.

तर चिठ्ठी.
'निसर्गाच्या सान्निध्यात' असं काहीतरी
तुम्ही नमुन्याला पाठवलंय.
छान आहे. पण तसं आम्ही बोलत नाही.
मी काल रात्री शेडमधलं सुंभ पुन्हा उलगडलं,
चौकटीत उभी राहिले
आणि मोजलं. मग लिहिलं:

यात बावीस वावा सुंभ आहे.
वाव माझ्या हातांची.

झाल्या दोन ओळी.
मागची बाजू कोरी आहे अजून.
तिथं रोझीन आपलं नाव घालतेय,
जीभ दातांत धरून, सावकाश,
सध्या 'झी'च्या वेलांटीवर आहे.
टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय.
वाजवू दे.