मध्ये अंगठ्याचा खळगा

शनिवारी सकाळीच कथड्याला गेले, स्कूटीवरून.
मुनाफभाईंनी खिमा दोनदा मशीनमधून काढला,
विचारलं, "कशाला पाहिजे, ताई? कबाब?"
म्हटलं, "बर्गर."
ते हसले. मग एकदम गंभीर होऊन
मूठभर चरबी टाकली वर, पैसे न घेता.
"म्हैस अंगानं कोरडी. एवढं नसेल तर भुसा खाल."
वर्तमानपत्र, त्यावर काळी पिशवी,
तिच्यावर माझी कापडी, पतसंस्थेच्या शुभेच्छांची,
आणि सगळ्यात वर मेथीची जुडी,
शेंडे मुद्दाम बाहेर काढलेली.
पूल ओलांडताना मेथी वाऱ्यावर हलत राहिली.
आम्ही राहतो म्हसरूळला. गावाच्या नावातच
म्हैस आहे, असं मला उगाच वाटतं.

शरणपूरला असं नव्हतं.
रविवारी उपासना सुटली की गल्लीभर एकच वास,
आणि उन्हाळ्यात बाबा दोरीवर चान्या वाळत घालायचे,
कावळे हाकलायला मला बसवायचे.
शब्द साधा होता: मोठ्याचं.
फ्लॅट घेतला तेव्हा तो तिकडेच ठेवून आलो,
जुन्या पाट्यासारखा.
लिफ्टमध्ये मावला नसता.

अनुग्रह, माझ्या धाकट्या भावाचा, वय चौदा,
ओट्याशी उभा, हातात फोन.
"मीठ शेवटी, आत्या. आधी घातलं तर रबर होतं."
ऐकलं. जन्मात पहिल्यांदा बिनमिठाचा खिमा मळला.
बाकीचं मात्र माझं:
अकरा लवंगी मिरच्या, आलं, कोथिंबिरीच्या काड्या,
घरचा काळा मसाला,
आणि कांदा, किसून, फडक्यात घट्ट पिळून.
पहिला तव्यावर टाकला, तुटला.
दुसराही.
ते उभ्यानेच खाल्ले, बोटं भाजत.
मग शिळा पाव चुरला, अंडं फोडलं,
आणि तो म्हणाला, "मध्ये अंगठ्यानं दाब.
नाहीतर शिजताना फुगतो, वरचं काही टिकत नाही."
दाबलं. सहा चकत्या, सहा खळगे,
प्रत्येकात माझ्या अंगठ्याच्या रेषा,
बँकेत आईच्या उमटायच्या तशा.

खिडकी बंद, एक्झॉस्ट चालू. तरी
बेल वाजलीच. कुलथेकाकू, इडलीचं भांडं परत द्यायला.
"काय वास सुटलाय! काय करताय?"
"मटण," मी म्हटलं,
इतक्या पटकन, की वाटलं
आतून दुसरीच कुणी बोलली.
"हो का? आमच्या ह्यांनाही आवडतं. बाहेर."
अनुग्रहनं माझ्याकडे पाहिलं नाही.
उलथन्यानं एकेक पलटत राहिला.
खळगे भरून आले होते, अगदी सपाट,
कुठे दाबलं होतं ते कळतही नव्हतं.

धूर फार झाला, म्हणून खिडकी उघडली,
दोनच मिनिटं म्हणून.
देवळालीहून आणलेले पाव लोण्यात शेकले,
खाली ठेचा, वर काकडी, दही-लसूण,
आणि बसलो. प्रार्थनेची पाळी त्याची.
आवाज फुटतोय त्याचा, कधी जाड, कधी चिरका:
"हे प्रभू, या मोठ्याच्या बर्गरबद्दल तुझे आभार.
मुनाफभाईंनी चरबी फुकट दिली, त्याबद्दलही."
चांगलं मोठ्यानं.
मी एक डोळा उघडला.
खिडकी उघडीच होती.
पलीकडच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं,
चिमटा दातांत धरून.

"आमेन," तो म्हणाला, आणि थांबला,
माझ्यासाठी.
म्हटलं.

पहिल्याच घासाला लवंगीनं आपलं काम केलं.
दोघांच्या नाकातून पाणी, कान लाल.
"आत्या, ताक आहे?"
उठले. फ्रिज खिडकीला लागूनच आहे.
ताक काढलं.
ताकच काढलं फक्त.