भिंतीवरचं ताट

विडी घरकुलातल्या दवाखान्याची भिंत,
बारा बाय आठ.
नमुना मिळाला होता रंगीत कागदावर, खाली सही, शिक्का:
एक ताट, अर्धं हिरवं,
उरलेल्यात थोडं पिवळं, थोडं तांबडं,
शेजारी दुधाचा पेला.
तेल, मीठ, साखर पार कोपऱ्यात,
तडीपार केल्यासारखी.

सकाळी आठला शिडी लावली.
रात्रपाळी सुटून अंबादास येमूल आला.
त्याच्या कानात माग अजून चालू,
म्हणून तो मोठ्यानंच बोलतो.
'काय बे गुरुलिंग, ताटात बाभूळ लावलास?'
म्हटलं, कोबीच्या घराण्यातलीच आहे, परदेशी.
'कोण खातंय ही?'
म्हटलं, नमुन्यात आहे.

मग हंचाटे मास्तर, काखेत छत्री.
त्यांच्याकडं कात्रणांची फाईल आहे.
ज्या वर्षी अंडं वाईट होतं ते वर्ष,
ज्या वर्षी अंडं चांगलं झालं ते वर्ष,
करडईचं तेल सोडलं, परत धरलं,
भात बंद, भात थोडा चालेल.
'सगळं पाळलं मी,' म्हणाले,
आणि ताटाकडं असं बघितलं
जसं पेपर तपासताना
कच्च्या पोराच्या वहीकडं बघायचे.

यादम्मा वंगारी वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याला निघालेली.
थांबली. टोपली कमरेवर.
'हे अर्धं हिरवं कुणाचं?'
सगळ्यांचंच, मावशी.
'पानं आमच्या सुपात पण असतात की रोज.
कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा,
मोजून परत द्यायची.
त्यातलं एक पण पोटात जात नाही.'
मागच्या दोघी हसल्या.
अंबादास तर खोकेपर्यंत हसला.

तेवढ्यात आतून जरीना सिस्टर आली,
हातात रजिस्टर, पेनाचं टोपण दातात.
'हसा,' म्हणाली. 'गुरुवारी एकवीस बायका तपासल्या.
चौदा जणींचं रक्त आठाच्या खाली.
झाड आवडलं नाही तर नका खाऊ,
पण नुसत्या चहा-बटरवर दिवस काढू नका.'

कुणी काही बोललं नाही.
यादम्मानं आपली नखं बघितली.
तंबाखूनं पिवळी पडलेली,
त्याखाली काय रंग आहे
ते मलाही सांगता आलं नसतं,
आणि माझा तर धंदाच रंगाचा.
मग ती हळू म्हणाली,
'पुंटिकूर काढ ना रे त्या जागी.
ते तरी ओळखू येईल.'

दुपारी भिंतीच्या सावलीत डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल.
सकाळची बीपीची गोळी पोटात आधीच होती,
आता दोघांचं काय व्हायचं ते होऊ दे.
डोक्यावर ते एवढं मोठं ताट,
आणि त्याच्याखाली मी चोरासारखा
पाठ करून जेवतोय.

आई पुंडीपल्ल्या म्हणायची तिला.
डाळीत शिजवून, लसणाची फोडणी.
शाळेत गुरुजींनी सांगितलं, मराठीत अंबाडी.
आंबट तेवढीच.

हात धुतला. ब्रश घेतला.
बाभळीच्या फांद्या ओढून लांब केल्या,
प्रत्येक टोकाला पाच-पाच बोटं,
देठाला जरा तांबूस.
पाच वाजता विड्या देऊन यादम्मा परत आली,
टोपली रिकामी.
लांबूनच म्हणाली, 'हां.'
घेणार का आता, असं मी विचारलं नाही.
कारखान्यात आज किती विड्या बाद काढल्या
तेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कागद भिंतीला लावला,
एकदा कागद, एकदा भिंत.
'हे नमुन्यात नाही.'
साहेब, अंबाडी आहे.
ते जरा जवळ गेले,
चष्मा वर केला.
'ज्वारीच्या कण्या घालून करतात, तीच का?'
तीच.
बराच वेळ उभे होते.

बिलात दीडशे रुपये कापले.
कारण लिहिलंय: चित्रातील एक भाजी कमी.