नगांचा रकाना

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याखाली दुपार.
चिट्याल शेठ मोजतात तेलुगूत, लिहितात मराठीत,
चिडले की कन्नड.
म्हणाले, "जुन्या हजेरीवह्या सगळ्या टाइप करून घेतल्या की.
दिसतंय सगळं. बेरीज तेवढी होईना."

काय होतं ते पाहिलं.
सोमवारच्या सहा चादरी, मंगळवारच्या सात :
यंत्र म्हणतं सदुसष्ट.
शेठ हसले, "एवढ्या विणल्या असत्या
तर मी इथं बसलो असतो?"

सांगितलं त्यांना, हे आकडे नाहीत अजून,
आकड्यांची अक्षरं आहेत.
अवतरणचिन्हांच्या दोन खुंट्यांमध्ये ताणलेली.
शेजारी शेजारी उभी राहतात,
एकमेकांत मिसळत नाहीत.

मग एका ओळीचा हुकूम लिहिला.
बरेचसे निमूट आले.
एका आठाच्या मागे रिकामी जागा चिकटली होती, झटकली.
देवनागरीतले बारा अडतील वाटलं होतं,
यंत्रानं न कुरकुरता घेतले.
एका दहात एकाच्या जागी इंग्रजी एल निघाला,
टायपिंगच्या क्लासात शिकलेल्या कुणाच्या बोटांची सवय.

"साडेचार"वर गाडी थांबली.
सव्वा, दीड, अडीच, पाऊण,
आपण पाळण्यातच शिकतो हे, त्याला कुणी शिकवलेलं नाही.
मी दशांश करून दिला, त्यानं पूर्णांक केला,
म्हणजे चार ठेवले आणि अर्धी चादर
कात्रीनं कापावी तशी खाली टाकली.
ना उसवली, ना गुंडाळली. टाकली.
लाइट गेली असेल त्या पाळीला.
अर्धी चादर पांघरता येत नाही, कबूल,
पण विणायला अर्धी पाळी उभं राहावं लागतंच.
हुकूम खोडला. अर्धं ठेवलं.

तीनशे अठरावी ओळ. कोडम राजमल्लू.
नगांच्या रकान्यात दिवाणजीच्या भाषेत :
"लेक झाली. पेढे."

यंत्र म्हणालं, हा आकडा नाही.
म्हटलं, माहीत आहे.
सोपं होतं, शून्य टाकायचं आणि पुढं जायचं.
पण शून्य म्हणजे आला, मागासमोर उभा राहिला
आणि दिवसभरात एकही नग उतरला नाही.
तसं नव्हतं ना झालेलं.
तो रकाना मी रिकामा ठेवला.
रिकामा आणि शून्य, यांत फरक करणारी
एक वेगळी ओळ लिहायला अर्धा तास गेला.
त्या अर्ध्या तासाचं बिल लावलं नाही.

घाईत बिल्ल्यांचा रकानाही त्याच रगाड्यात गेला.
शून्य चार सात होतं, सत्तेचाळीस झालं.
गेटवरचा भूमय्या चहा घेऊन आला, पूर्वी याच मागांवर होता,
त्याला विचारलं, पुढचं शून्य गेलं तर चालेल?
त्यानं खिशातून पितळी बिल्ला काढला, अंगठ्यानं पुसला.
"शून्याशिवाय तो मी नाही की.
नुसता सत्तेचाळीस हा मागचा माग.
मोडला तो. भंगारात गेला."

ज्याची बेरीज करायची नाही
त्याचा आकडा कशाला करायचा,
एवढं साधं, आणि मी चार वर्षं कॉलेजात होते.
बिल्ले पुन्हा अक्षरं केले. शून्य पुढं येऊन उभं राहिलं,
जसं काही कुठं गेलंच नव्हतं.

सहाला बेरीज लागली. साड्यासकट.
शेठनी चष्मा वर केला, खाली केला,
तेलुगूत पुन्हा एकदा मोजून पाहिलं
आणि चेकबुक काढलं.
चौकटीत लिहिले चार, पाच, दोन शून्यं.
मग खालच्या रेघेवर, जीभ दातांत धरून,
सावकाश, एकेक वेलांटी सांभाळत
माझा दिवसभराचा आकडा परत अक्षरांत नेला :
अक्षरी रुपये चार हजार पाचशे
फक्त.